दृश्य अकरा, दुसऱ्यांदा

मास्तर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याविषयी जे पुष्कळ छापून आलं त्यात एवढी एकच खरी गोष्ट कुणी लिहिली नाही. 'प्रेमाचे जादूगार' लिहिलं, 'हृदयाचे कारागीर' लिहिलं. त्यांचे हिंदी बोलपट लाहोरपासून मद्रासपर्यंत महिनोन्महिने चालत. अमरावतीच्या कॉलेजातली पोरं त्यांच्या नायकासारखा भांग पाडून हिंडत. आणि हा माणूस पालीला भ्यायचा, टेलिफोनच्या घंटेला भ्यायचा, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भ्यायचा. दाढी स्वतःच करायचा आणि वस्तरा गळ्याशी आला की डोळे मिटून घ्यायचा.

"डोळे मिटले तर जास्तच कापेल ना, मास्तर?" मी एकदा विचारलं.

"कापन. पन दिसनार तं नाई," ते म्हणाले.

मुंबईत वीस वर्षं काढूनही त्यांची बोली कारंज्याचीच राहिली होती. लखनवी ढंगाचे संवाद ते लिहवून घेत आणि नायकाला समजावून सांगत ते मात्र वऱ्हाडीत. नायक पंजाबी असला तरी. त्याला ते समजायचं कसं, हे मला आजवर कळलेलं नाही, पण समजायचं.

मी त्यांच्याकडे गेलो तो भक्त म्हणून नव्हे. मी पत्रकं वाचून वाढलेला मुलगा. आमच्या घरी पोथी नव्हती. वडिलांच्या ट्रंकेत पत्रकं होती, सरकारनं बंदी घातलेली, पिवळी पडलेली, आणि त्यांवरच मी अक्षरं शिकलो. बेचाळीसचं साल, पुढारी सगळे तुरुंगात होते, गावोगाव सामुदायिक दंड बसत होते, आणि असल्या दिवसांत हे गृहस्थ नायिकेच्या पापण्या किती वेळा लवाव्यात याचा विचार करत बसतात, हे मला सरळसरळ पाप वाटे. तसं मी मित्रांत बोलूनही दाखवलं होतं.

मग गेलो कशाला? मोटारीसाठी. मास्तर आपल्या थोरल्या भावाच्या मळ्यात, कारंजा-कामरगाव रस्त्यावर, नवा बोलपट घ्यायला आले होते. कंपनीची मोटार रोज कारंज्याच्या स्टेशनावर जायची, मधूनमधून वाशीमलाही. वाटेत पोलीस बैलगाड्या उलट्यापालट्या करत, पण सिनेमाच्या मोटारीला सलाम करून सोडत. मोटारीत चपटे गोल पत्र्याचे डबे असत. त्यांत घेतलेली फिल्म. ती मुंबईला जाऊन धुतली जाईपर्यंत तिला उजेडाचा कवडसाही चालत नाही. डब्यावर लाल शाईनं लिहिलेलं असे : 'अंधाराशिवाय उघडू नये.' पत्रकं न्यायला याहून चांगली जागा इंग्रज सरकारनं स्वतः बांधून दिली नसती. मला संवादांच्या स्वच्छ प्रती काढायचं आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं. अक्षर चांगलं होतं माझं. पत्रकांच्या स्टेन्सिलवरही तेच अक्षर होतं, हे तेव्हा मला संकट वाटलं नाही, अभिमान वाटला.

मास्तरांचं घराणं माळ्याचं. वांगी, मेथी, आमच्याकडे सांबार म्हणतात ती कोथिंबीर पिकवून बाजारात विकणारं. त्यामुळे त्यांच्या बोलपटांतलं प्रेम नेहमी बागेत घडे, आणि ती बाग जवळून पाहिली तर भाजीचा मळाच असे. मुंबईच्या टीकाकारांना त्यात काव्य दिसलं. थोरल्या भावांना नाही. ते म्हणत, "याची हिरोईन बाप्पा सारखी वांग्याच्या ताटव्यातूनच धावते. येक दिवस तरी म्हना बाई, बांधावरून जाय!"

नट निवडताना ते एकच प्रश्न विचारत : "तुले भेव कायचं वाटते?" पुण्याहून आलेल्या एका देखण्या तरुणानं छाती काढून सांगितलं, "कशाचंच नाही." मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "मंग तू पोलिसात जाय बाबू. तिथं जागा हाये." या वेळची नायिका अठरा-एकोणीस वर्षांची, नवीन, सोलापूरकडची. तिनं म्हणे बराच विचार करून सांगितलं होतं, "मला पाय उचलायची भीती वाटते. तो कुठं पडेल, या विचारानं." तिला तिथल्या तिथं घेतलं.

"ज्याले भेव नाई त्याले पिरेम काय समजते?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मला ते ऐकून संताप यायचा. आमच्या पत्रकांचा मथळाच 'भिऊ नका' असे.

काम करण्याची त्यांची रीत कंपनीत सगळ्यांना पाठ होती. प्रेमाचं दृश्य सुरू झालं की मास्तर नटांकडे पाठ करून उभे राहत. बघत नसत. मान खाली, हात मागे, आणि नुसतं ऐकत. श्वास ऐकत, बांगडी ऐकत, पायाखालचा पाला ऐकत. पडद्यावर दिसेपर्यंत स्वतःचं दृश्य त्यांनी कधी पाहिलेलं नसे. आणि दुसरी गोष्ट : तालमी दहा घेत, पण कॅमेरा फिरे एकदाच. बाकीचे दिग्दर्शक एकेक दृश्य चार-पाच वेळा घेतात. मास्तर पुन्हा घेत नसत. फसलं तर दृश्यच काढून टाकत.

"भेव येकदाच खरं असते," ते मला म्हणाले होते. "दुसऱ्या डावाले ते नाटक होते."

मी हे ऐकलं होतं. रोज पाहत होतो. तरीही चूक केली, आणि ती फक्त त्याच कंपनीत चूक ठरणार होती. दुसऱ्या कुठल्याही कंपनीत ती कुणाच्या लक्षातही आली नसती.

झालं असं. अकरावं दृश्य घ्यायचं होतं. बोलपटाचा सगळा जीव त्यात. वांग्याच्या वाफ्यांमधून पाण्याचा पाट जातो, एका काठावर ती, दुसऱ्या काठावर तो, आणि तिनं पाट ओलांडायचा. बस, एवढंच. एक पाऊल. आधीची दहा दृश्यं मुंबईला गेली होती. लढाईमुळे कोरी फिल्म परवान्यावर मिळे, आणि कंपनीच्या वाट्याची त्या दिवशी संपणार होती.

मळ्यात त्या दिवशी गावातले पुष्कळ लोक जमले होते. एक शिपाईही येऊन बसला होता. गंमत बघायला आला म्हणाला, पण तो नेमका कॅमेऱ्याच्या तंबूपाशीच बसला, आणि तंबूत माझी पत्रकं होती. सकाळीच आणलेली, माझ्या मामाच्या गोठ्यात सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेली, चार घड्या घालून एका रिकाम्या डब्यात भरलेली. कॅमेरावाल्यानं मला चिठ्ठी लिहायची पद्धत शिकवली होती : दृश्याचा आकडा आणि ते कितव्यांदा घेतलं तो आकडा. मी घाईत लिहून चिकटवलं : 'दृश्य अकरा, दुसऱ्यांदा.' मला वाटलं, किती हुशारी.

दृश्य झालं. शिपाई विडी ओढत बसला होता. त्याच्या बुटाची टाच तंबूच्या कनातीला लागत होती. मी तिकडेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार निघायच्या आधी कंपनीचा मॅनेजर डबे बघायला गेला. तो मुंबईचा, चोख माणूस, मनानं वाईट नव्हता. त्यानं चिठ्ठी वाचली आणि बाहेर येऊन ओरडला, "मास्तर दुसऱ्यांदा घेत नाहीत! हा डबा कसला? कोणीतरी कोरी फिल्म चोरतोय!" काळ्या बाजारात फिल्मला सोन्याचा भाव होता, त्यामुळे त्याचा संशय वाजवी होता. पण शिपाई त्या सकाळीही येऊन बसला होता, आणि तो त्याच्या कानावर पडला. आणि शिपायाला फिल्मचं काही पडलेलं नव्हतं. त्यानं एका माणसाला सायकलवर कारंज्याला फौजदाराकडे पिटाळलं आणि स्वतः तंबूच्या दाराशी उभा राहिला. आत जाऊ दे, म्हणाला, कुणालाही जाऊ दे, पण बाहेर काही नेता येणार नाही.

मला आजही त्या तासाभराचं सगळं आठवतं.  पळावं, तर मळ्याभोवती उघडी शेतं. आणि पळून काय? डब्यात माझं अक्षर होतं. माझ्यापासून मामापर्यंत पोहोचायला त्यांना एक दुपार पुरली असती. आमच्या गटातल्या एकाला महिन्यापूर्वी नेलं होतं, तो परत आला तेव्हा त्याला स्वतःच्या हातानं सदरा घालता येत नव्हता. मी किती वेळ टिकेन? 'भिऊ नका' असं ज्या हातानं लिहिलं तो हात मी काखेत दाबून धरला होता.

मास्तर तेव्हा तंबूत गेले. दोनेक मिनिटं. बाहेर आले ते बोटं धोतराला पुसत. माझ्याजवळून जाताना थांबले नाहीत. फक्त म्हणाले, "कागद हलवला का फिल्मसारका नाई वाजत, लेका." आणि पुढे गेले.

म्हणजे त्यांना कळलं होतं. मला वाटलं, आता हेच सांगणार. एवढा भित्रा माणूस. फौजदार नुसता खाकरला तरी सांगेल.

फौजदार आला तो हसतच. खुर्ची दिली तर बसला नाही.

"मास्तर, तुमचं मागचं पिक्चर आमच्या मंडळीनं तीनदा पाह्यलं. रडून रडून जेवली नाई बिचारी," तो म्हणाला. "आता आपलं काम करू. तो जास्तीचा डबा आना."

दोन्ही डबे टेबलावर ठेवले गेले. त्यानं चिठ्ठ्या वाचल्या. "दुसऱ्यांदा. मॅनेजर म्हनतात, तुमी दुसऱ्यांदा घेतच नाई."

"घेतला," मास्तर म्हणाले.

कॅमेरावाल्यानं चमकून वर पाहिलं. त्याचा हात कॅमेऱ्यावर होता, कितीदा फिरला ते त्याला ठाऊक होतं. नायिका पलीकडे उभी होती. मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले, "पयला फसला. पोरगी अडखळली. म्हून पुन्यांदा घेतला. तो दुसराच चांगला झाला."

ती अडखळली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बोलली नाही. वीस वर्षांत ज्यानं एकदाही दुसऱ्यांदा घेतलं नाही, आणि त्याच गोष्टीवर ज्याचं नाव चालत होतं, तो माणूस सगळ्या कंपनीसमोर उभा राहून सांगत होता की मी घेतला.

फौजदारानं शिपायाला विचारलं, "काय रे, तू व्हता ना कालच्याले? येकदा घेतला का दोनदा?"

शिपाई डोकं खाजवू लागला. "मले काय समजते साहेब. ते पोट्टं सारखं इकडून तिकडं करून राह्यलं व्हतं. धा डाव तरी केलं असन."

"ठीक हाये. खोला."

"उजेड लागला तं मरते ते, साहेब."

"मरू द्या. पयला हाये ना शाबूत?"

मास्तरांनी 'दुसऱ्यांदा' लिहिलेला डबा उचलला. पत्रा टेबलावर खडखडला. पट्टी सोडवली. झाकण काढलं. मी डोळे मिटून घेतले, गळ्याशी वस्तरा आल्यासारखे.

काहीच आवाज झाला नाही. डोळे उघडले तर उन्हात फिल्म होती. राखी रंगाची, वळ्यावळ्यांची, डब्यातून बाहेर येत, मास्तरांच्या मनगटावरून घसरत जमिनीवर पडत होती. फौजदारानं डब्यात हात घालून तळ चाचपला. फिल्मचा एक तुकडा सूर्यासमोर धरला.

"याच्यात तं काईच दिसून नाई राह्यलं."

"आता दिसनार बी नाई," मास्तर म्हणाले.

तेव्हा मला त्यांच्या बोटांना लागलेली खळ दिसली. काल चिकटवलेल्या चिठ्ठ्या आज पुन्हा ओल्या होत्या. तंबूतून काही बाहेर नेता येत नव्हतं, म्हणून त्यांनी फक्त चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. उन्हात जी फिल्म पडली होती ती खरी होती. एकदाच घेतलेली. ते एक पाऊल.

आणि माझी पत्रकं 'पहिल्यांदा' लिहिलेल्या डब्यात, फौजदाराच्या हाताशी. त्यानं तो डबा उचललाच. वजन केल्यासारखा तळहातावर धरला.

"अन् हा?"

"साहेब," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला, "चांगला व्हता तो तुमी मारला. आता फसलेला तरी राहू द्या. त्याच्यावरच भागवा लागन मले."

फौजदारानं जमिनीवरच्या त्या ढिगाकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवला. घरी बायकोला काय सांगायचं, हा विचार त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. तो मॅनेजरवर तोंडसुख घेत घेत मोटारीकडे गेला.

मास्तर लिंबाच्या झाडामागे जाऊन ओकले. मी तांब्या घेऊन गेलो.

"मास्तर, तुम्ही एवढे निर्भय..."

"चूप बैस." त्यांनी चूळ भरली. "मी भ्यालो म्हून केलं. तुले झोडपलं असतं, तू वरडला असता, कोनाकोनाचं नाव घेतलं असतं. मले सारं आयकू येते. जलमभर आयकू आलं असतं." मग माझ्याकडे न बघता : "तू पाह्यलं व्हतं ना काल? पोरीनं पाय कसा उचलला? मी तं पाठ करून व्हतो."

 त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "मी शिपायाकडे बघत होतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मंग झालं," म्हणाले. "जाय आता. तुह्यं सामान भावाच्या वांग्याच्या टोपल्यात टाकून ने. अन् उद्यापासून येऊ नको. तू असला का मले भेव वाटते."

पत्रकं गेली. मेडशीला गेली, वाशीमला गेली, पोहरादेवीच्या यात्रेत हातोहात गेली. मामाच्या गोठ्यावर कुणी आलं नाही.

मॅनेजरनं कुठूनतरी थोडी फिल्म मिळवली आणि अकरावं दृश्य पुन्हा घ्या म्हणून विनवलं. कॅमेरावाल्याकडून मला हे पुढे कळलं. मास्तर म्हणाले, "पोरीचं भेव आता अल्लग हाये. आता ते पोलिसाचं हाये." नाही म्हणजे नाही. मास्तरांनी मुंबईला कळवलं की दोन्ही डबे स्वतःच्याच हातून बिघडले. मालकांनी बोलपट तसाच जोडून लावला.

मी तो वाशीमला सिनेमाच्या तंबूत पाहिला. आधीच्या दृश्यात ती त्याच्याकडे बघायलाही तयार नाही, आणि पुढच्यात त्याच्यासाठी जीव देते. माझ्या शेजारचा माणूस मोठ्यानं म्हणाला, "मधलं कुठं गेलं बे?" आणि सारा तंबू हसला. शिट्ट्या झाल्या. मी, ज्यानं चौकाचौकांत भाषणं केली होती, खाली मान घालून बसलो. सिनेमाच्या साप्ताहिकांनी लिहिलं की मास्तरांचा हात आता थरथरतो, म्हातारपणी ते दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा घेऊ लागले आहेत आणि तेही बिघडवतात. दुसरं कंत्राट त्यांना मिळालं नाही. दोन वर्षांत ते मळ्यात परत आले, ते कायमचे.

राज्य बदललं तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. मी सगळं लिहून नेलं होतं, मथळ्यासकट. म्हटलं, आता भ्यायचं कुणाला? आता तरी लोकांना कळू दे की तुमचा हात बिघडला नव्हता. साप्ताहिकवाल्यांच्या तोंडावर फेकतो हे.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. अगदी त्या दिवशीसारखा.

"नको रे बाप्पा. छापू नको."

"पण का? लोक तुम्हाला नालायक समजतात!"

"समजू दे. त्याले काई लागत नाई." त्यांनी दुसरी जुडी बांधायला घेतली. "तू शूर म्हून छापशीन. मंग लोक येतीन. म्हनतीन, मास्तर, तुमी मोठे शूर. अन् मंग उद्या काई झालं तं मले आखीन येकदा करा लागन ना!"

मी वाद घातला. मी वाद घालणाराच. ते ऐकत राहिले आणि शेवटी माझ्या हातातले कागद घेऊन त्यांनी मेथीच्या टोपलीखाली ठेवले. मी ते परत मागितले नाहीत.

मागच्या महिन्यात मास्तर गेले. थोरल्या भावांचं पत्र आलं, दोन ओळींचं. मी पुन्हा लिहायला बसलो, या वेळी मथळ्याशिवाय. आता छापायला हरकत नाही. आता त्यांना काही करावं लागणार नाही.